भाकिताची पूर्ती : प्रमाण की वाचनपद्धती?

जुन्या करारातील भाकिते येशूच्या चरित्रात पूर्ण झाली, सबब ख्रिस्ती श्रद्धा प्रमाणसिद्ध ठरते, हा युक्तिवाद प्राचीन आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने आपल्या संवादग्रंथात ट्रायफो या यहुदी प्रतिपक्षापुढे तो मांडला. तथापि मत्तयाची संहिता बारकाईने वाचली असता ‘पूर्ती’ या संकल्पनेचे स्वरूप वेगळेच दिसते.

यशया ७:१४ मधील ‘अल्मा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तेथे कुमारिकावाचक ‘पार्थेनोस’ आला आणि मत्तयाने (१:२३) तोच पाठ स्वीकारला. होशेय ११:१ हे उदाहरण अधिक बोलके आहे. पुत्राला मिसरातून बोलावल्याचे ते वचन मुळात भविष्यकथन नव्हेच. ते इस्राएलच्या निर्गमनाचे स्मरण आहे. तरीही मत्तय (२:१५) त्याची पूर्ती येशूच्या बालपणात पाहतो.

याला चलाखी म्हणणे हे भाकिताला केवळ पूर्वकथन मानण्याचे फळ होय. एरिक आउअरबाखने ‘फिगुरा’ (१९३८) या निबंधात विशद केल्याप्रमाणे, या वाचनपद्धतीत पूर्वघटना उत्तरघटनेची सूचक ठरते आणि तरीही स्वतः ऐतिहासिकच राहते. हे नाते मात्र उत्तरघटनेवर श्रद्धा जडल्यानंतर, मागे वळून पाहतानाच प्रत्ययास येते. म्हणजे पूर्ती श्रद्धेला जन्म देत नाही. श्रद्धाच पूर्तीला दृश्यमान करते. पूर्ती श्रद्धेला अर्थ आणि परंपरा देते, प्रमाण नव्हे.

ट्रायफोने यशयाचे ते वचन हिज्कीया राजाविषयीचे मानले होते. संवादाच्या अखेरीस तो ख्रिस्ती होत नाही. दोघे सौजन्याने निरोप घेतात. संहिता एकच होती, वाचने दोन.