नाताळच्या बर्फाला कारण हवं

कोका-कोलानं २०२४ मध्ये आपली १९९५ ची लाल ट्रकांची नाताळची जाहिरात एआयकडून नव्यानं करवून घेतली. तीत बर्फ आहे, रोषणाई आहे, हसरे चेहरे आहेत. पण कुणी कुणाची वाट पाहतंय असं एकाही चौकटीत जाणवत नाही. ब्रिटनच्या पडद्यावरल्या नाताळचा हिशेब मांडायला बसलो तो या संतापातून.

१९८२ च्या ‘द स्नोमॅन’ या अ‍ॅनिमेशनपटापासून या पडद्यावर बर्फ पडतोच आहे. प्रत्यक्षात १९६० नंतर देशात जमिनीवर सर्वदूर बर्फ दिसलेले नाताळ चारच: १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. एरवी लंडनमध्ये चारच्या आत मावळणारा सूर्य आणि ओला डांबरी रस्ता. तेव्हा पडद्यावरचा बर्फ कुणीतरी ठरवून पाडलेला असतो. का पाडला, याचं उत्तर दृश्यातच मिळायला हवं.

जॉन लुईस या दुकानसाखळीच्या ‘द बेअर अँड द हेअर’ या जाहिरातीत (२०१३) ते मिळतं. दिग्दर्शक एलियट डिअर आणि ईव्ह गेलेन्स यांनी सगळी हालचाल आधी संगणकावर बेतून घेतली. मग हातानं काढलेली अस्वल-सशाची चित्रं छापून, कापून, खऱ्याखुऱ्या नेपथ्यात एकेक चौकट टिपली. त्यामुळे कापलेल्या कडांवर खरा प्रकाश पडतो. संगणक कुठेही मिरवत नाही, तरी त्याच्या मोजमापाशिवाय हा मेळ बसलाच नसता. शिवाय इथला हिवाळा शोभेचा नाही. थंडी आली की अस्वल झोपतं, म्हणून त्यानं नाताळ कधी पाहिलेलाच नाही. म्हणून तर ससा त्याच्यासाठी गजराचं घड्याळ ठेवतो.

‘दॅट ख्रिसमस’ (२०२४) हा चित्रपट संपूर्ण संगणकावरचा, तरी त्याच जातकुळीचा. सफक किनाऱ्यावरच्या कल्पित गावात हिमवादळ येतं, रस्ते बंद होतात, आईबाप अडकून पडतात आणि परिचारिकेचा मुलगा डॅनी सणाला घरात एकटा उरतो. डीएनईजी या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या कलावंतांनी उभं केलेलं हे वादळ माणसांची ताटातूट करतं, म्हणून ते बोचतं.

बाकीच्यांत ‘आर्थर ख्रिसमस’ हा चित्रपट हुशार, पण यंत्रांच्या गर्दीत हरवलेला. जॉन लुईसच्याच जाहिरातींतला पेंग्विन ‘माँटी’ अचूक, पण तेवढाच. तिथलाच ड्रॅगन ‘एडगर’ म्हणजे लांबवलेला एकच विनोद.

एआय सुधारेल, असं मला सांगितलं जातं. सुधारेलच, माझा आक्षेप वेगळा आहे. बर्फाच्या आत प्रकाश किती झिरपावा, सावली किती निळी असावी, पाऊल किती रुतावं, हे ठरवणारा कलावंत प्रत्येक वेळी एका प्रश्नाला उत्तर देत असतो: इथून कोण गेलं, कधी गेलं? यंत्र हजारो नाताळांची सरासरी काढून देतं. सण सरासरीचा नसतो, तो एका घराचा असतो. आपल्याकडच्या दिवाळीच्या जाहिरातींनाही हेच लागू आहे. तेच दिवे, तीच पैठणी, तेच हसू; घर मात्र कुणाचंच नाही. सणाचं दृश्य रचणाऱ्यानं पहिला दिवा लावण्याआधी सांगावं, या घरात आज कोण यायचं राहिलंय. सांगता येत नसेल, तर त्यानं बर्फ पाडू नये.