ओवीतील भीमराया : देव की भाऊ?

हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत भीमरायाच्या ओव्याही आहेत. त्यांतील गौरव म्हणजे जुन्याच भक्तीचे नवे रूप असून तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांशी विसंगत आहे, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो घाईचा वाटतो.

अनेक ओव्यांत बाबासाहेबांना ‘भाऊ’ म्हटले आहे. ओवीच्या परंपरेत भाऊ म्हणजे माहेरचा आधार. सासुरवाशिणीने ज्याच्याकडे हक्काने मागावे असा माणूस. देवापुढे पदर पसरावा लागतो, भावाला जाब विचारता येतो. मुलीला वारसाहक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडले, या एका प्रमुख कारणाने १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या पुरुषास दळणारणीने भाऊ म्हणावे, हा भाबडेपणा नव्हे. ते तिने केलेले यथार्थ मूल्यमापन होय.

काही ओव्यांत देवत्वाची भाषा येते, हे आम्ही नाकारीत नाही. तिची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु त्या भाषेपायी ओवीच त्याज्य ठरविल्यास, अक्षरओळख नाकारल्या गेलेल्या आपल्या मायबहिणींची साक्ष आपणच पुसून टाकू.