तुटलेली साखळी आणि माणसाचा चेहरा

उपयोजित कलेच्या व्यवसायात आता विविधतेचा सोहळा साजरा करण्याची रीत पडली आहे. निरनिराळ्या वंशांच्या आणि संस्कृतींच्या कलावंतांची प्रदर्शने भरतात, त्यांना पदके दिली जातात. याला माझा विरोध नाही. चित्रकला शिकवणारा शिक्षक म्हणून मला त्याचा आनंदच आहे. परंतु सोहळ्यात एक सोय असते. ज्यांनी दार लावून घेतले होते त्यांनाच दार उघडल्याचे श्रेय मिळते, आणि ते इतकी वर्षे बंद का होते हा प्रश्न उंबऱ्याबाहेरच राहतो.

अमेरिकेचा दाखला घेऊ. १९८७ साली शेरिल मिलर या कृष्णवर्णीय कलावंत स्त्रीने 'प्रिंट' या व्यावसायिक नियतकालिकात लेख लिहून, काळे कलावंत या धंद्यात दिसत का नाहीत, असा थेट सवाल केला. १९९१ साली 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ ग्राफिक आर्ट्स' या संस्थेला आपल्या परिसंवादाच्या शीर्षकातच विचारावे लागले, की हा व्यवसाय ९३ टक्के गोरा का? गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा सव्वाशे वर्षे उलटली होती.

पण केवळ डोकी मोजून हा प्रश्न सुटेल काय? दोन काळ्या कलावंतांची कामे शेजारी ठेवून मी याचे उत्तर शोधतो.

जॉर्ज ओल्डन १९४५ साली सी.बी.एस. या प्रसारण कंपनीत गेला आणि दूरदर्शनच्या पडद्यावरील आरेखनात त्याने नाव कमावले. १९६३ साली मुक्तीच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा अमेरिकी टपाल खात्याचे तिकीट त्याने केले. असे तिकीट करणारा तो पहिला काळा कलावंत. निळ्या पार्श्वभूमीवर जाड काळी साखळी आणि तिची तुटलेली कडी, एवढेच चित्र. मांडणी अत्यंत नेटकी आहे. पण त्या चित्रात माणूस नाही. साखळी कुणाच्या हातात होती आणि ती कुणी तोडली, हे तिकीट सांगत नाही. ओल्डनचे कर्तृत्व मी उणे लेखत नाही. मात्र काळ्या कलावंताला प्रवेश देऊनही काळ्या माणसाला चौकटीबाहेर ठेवता येते, हे या चित्रावरून कळते.

एमरी डग्लसने मुद्रणाचे पहिले धडे बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातील छापखान्यात घेतले. १९६७ पासून तो 'द ब्लॅक पँथर' या पत्राची मांडणी करू लागला आणि पक्षाचा संस्कृतिमंत्री झाला. पैसा कमी, म्हणून काळ्या शाईला बहुधा एकाच रंगाची जोड. ठसठशीत बाह्यरेषा आणि बाजारात मिळणारे ठिपक्यांचे तयार कागद, एवढ्या सामग्रीवर त्याने उंदरांनी भरलेल्या घरातली मुले, कडेवर पोर घेतलेल्या आया, थकलेल्या म्हाताऱ्या उभ्या केल्या. वाचता न येणाऱ्यालाही अंक कळावा, हा त्यामागचा हेतू होता. बंदूक आणि डुकराच्या रूपातला पोलीस यांची पुनरावृत्ती कधीकधी निव्वळ घोषणा होते, हा दोष मी मानतो. परंतु पुढे त्याच बायांच्या हातात मोफत वाटलेल्या किराण्याच्या पिशव्या आल्या. चळवळीचे काम बदलले तसे चित्रही बदलले. ही चित्रे कुणा गिऱ्हाइकासाठी नव्हती. ज्यांची होती त्यांच्याच वस्तीतल्या भिंतींवर ती चिकटली.

१९८० साली ते पत्र बंद पडले. डग्लसला व्यवसायाचे पदक मिळाले ते २०१५ साली. चित्र भिंतीवर असताना ते भीती घालत होते. संग्रहालयात गेल्यावर ते 'विविधता' झाले. गौरवालाही असे वेळेचे भान असते!

१९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतले आणि त्याने शब्दांना धार आली. पण आपल्या चित्रांचे काय? माझ्या कपाटातली आपलीच पुस्तके मी काढून पाहिली. आत एकेका माणसाचे जिवंत, न विसरता येणारे दुःख. बाहेर मात्र तीच तुटलेली साखळी, तीच वळलेली मूठ. आतला माणूस मुखपृष्ठावर का येत नाही? की तो कसा दिसतो हे ठरवण्याचे काम आपण अजूनही दुसऱ्यावर सोपवले आहे?

आमच्या वस्तीत १४ एप्रिलचे फलक रंगवणारा एक मुलगा होता. दुकानांच्या पाट्या रंगवून त्याने अक्षरांची वळणे आत्मसात केली होती. बाबासाहेबांच्या चष्म्याची काडी किती जाड हवी, यावर तो तासभर वाद घाली. त्याला आम्ही पेंटर म्हणालो, कलावंत म्हटले नाही. ही चूक कोणत्याही कलाशाळेची नव्हती, आमची होती.

म्हणून सोहळ्याऐवजी मी दोन साध्या गोष्टी मागतो. आपल्या प्रकाशकांनी चित्रकाराच्या हाती आधी हस्तलिखित द्यावे, आणि मुखपृष्ठाखाली त्याचे नाव वाचता येईल एवढ्या टाइपात छापावे.