हिशेब मागणारे आणि न मागणारे

मुरूडला पोचता पोचता टेकडीवर नवाबाचा राजवाडा दिसतो. सिद्दी अहमदखान याने १८८५ च्या सुमारास बांधलेला. खासगी मालमत्ता आहे, आत सोडत नाहीत. रामसे बंधूंनी मात्र आपल्या भयपटांतल्या हवेल्यांसाठी हाच राजवाडा वापरला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओवर ते सिनेमे बघून ज्यांची झोप उडाली, त्यातल्या अनेकांनी रायगडचा किनारा असा न ओळखताच पाहिला. आज भयपटांना पुन्हा बरे दिवस आले आहेत आणि कोकण तर त्यांचं हक्काचं घर झालंय. तेव्हा पडद्यावरच्या मारेकऱ्याला आपण नेमकं कशामुळे घाबरतो, हे एकदा नीट बघायला हवं.

‘हॅलोवीन’ (१९७८) मधला मायकल मायर्स घ्या. एका प्रसंगात तो स्वयंपाकघरात एका तरुणाला सुरीने भिंतीला खिळवतो. मग मागे सरकून उभा राहतो आणि मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवून त्या लटकत्या देहाकडे बघत राहतो. चेहऱ्यावर पांढरा, निर्विकार मुखवटा. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा पांढरा रंगवून तो तयार केला होता. मायकलला राग नाही, लोभ नाही, सूडही नाही. ज्याला काही नकोच आहे, त्याच्याशी बोलणी कशी करणार? १९८१ च्या दुसऱ्या भागात पटकथाकारांनी नायिकेला त्याची बहीण ठरवलं. कारण मिळालं आणि माझ्या मते त्याच क्षणी त्याचा दरारा निम्मा झाला.

आपल्याकडचा मारेकरी याच्या अगदी उलट. त्याच्याकडे कारण असतंच आणि ते बहुधा आपल्या आजोबा-पणजोबांनी करून ठेवलेलं असतं. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधल्या सामरीचं शिर धडावेगळं करून पेटीत बंद केलेलं आहे, आणि त्याच्या शापाने राजघराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने इंजिनीअर. त्यांची उंची आणि तो लांबट, खडबडीत चेहरा यांना मेकअपची फारशी गरजच नव्हती. सिनेमातली गाणी, विनोदाचे तुकडे आता बघवत नाहीत. पण ते डोळे चौकटीत आले की आजही पोटात गोळा येतो, कारण समोर खरोखरचं शरीर आहे.

कोकणातल्या भुताखेतांचा व्यवहारही हिशेबाचाच. राखणदाराला वर्षाचा नारळ, कोंबडा द्यायचा. चुकलं तर तो आठवण करून देतो. मुंजाची इच्छा अपुरी राहिलेली असते. आमच्या भीतीत घराणं असतं, जमीन असते, दिलेला आणि मोडलेला शब्द असतो. परदेशी मारेकऱ्यांत या मातीला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) मधला फ्रेडी क्रूगर. आईबापांनी त्याला जाळलं, तो मुलांना स्वप्नात गाठतो. थोरांचं देणं धाकट्यांच्या माथी. रामसेंनी त्यावरून ‘महाकाल’ काढला यात नवल नाही.

मराठीने घडवलेला सगळ्यात टिकाऊ मारेकरी म्हणजे तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ची (१९९३) कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या चकीवरून आली हे उघड आहे. पण तात्याच्या बाहुल्यात रामदास पाध्ये यांची कारागिरी आहे, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आहे. सिनेमा विनोदी, तरी त्या वयात पाहिलेली माणसं तात्याचं नाव अजून जरा दबकून घेतात. याचं कारण मला असं दिसतं, की विनोद लक्ष्याच्या आणि पोलिसांच्या वाट्याला आहे. तात्याला मात्र पुन्हा माणसाचं शरीर हवं आहे आणि त्या हट्टात तो पूर्ण गंभीर आहे. शिवाय बाहुला खरोखर तिथे, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या शेजारी बसलेला आहे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) हे दोन्ही धागे उचलले: अस्सल शरीर आणि पिढीजात हाव. त्यातला विनायक दोराने देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो. तिथे दडलेला शापित देव हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. किती मोहरा पुरे, हे विनायकलाच ठरवायचं असतं, आणि ते त्याला कधीच जमत नाही. हस्तर थोडाच वेळ दिसतो आणि तेवढाच पुरतो. ‘मुंज्या’ची (२०२४) गोष्टही कोकणातली, अपुऱ्या हट्टाची. आदित्य सरपोतदार यांना या लोककथेची जाण आहे. तरी मला तो सिनेमा खटकतो. संगणकावर घडवलेला मुंज्या इतका दिसतो, इतका बोलतो, की त्याचं कार्टून होतं. मुंजीनंतर लगेच मेलेलं पोर, ही मुळातली कल्पना केवढी करुण आणि भयंकर आहे! ती हशांत वाहून गेली.

मारेकऱ्याच्या सिनेमाला एक जागा फार मानवते: चार दिवस मजा करायला पोरं येतात आणि स्थानिक माणसं गप्प असतात अशी. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधलं क्रिस्टल लेक तसंच आहे. पहिल्या भागात (१९८०) मारणारा पुढच्या भागांतला जेसन नसतोच, त्याची आई असते. देखरेख करणाऱ्यांच्या बेपर्वाईने आपलं पोर बुडालं, हा तिचा हिशेब. अलिबाग, नागाव, काशीद या पट्ट्यात आज वाड्यांच्या जागी बंगले उठले आहेत. कुंपणं घातली गेली, पोफळी तोडल्या, वर्षानुवर्षांच्या पायवाटा बंद झाल्या. शनिवारी मांडव्याच्या बोटीतून उतरणाऱ्यांना त्या जमिनीवर आधी काय होतं याचा पत्ता नसतो. आमचे भयपट मात्र अजून वाडा, विहीर आणि पिंपळ यांतच अडकलेत. राखणदाराची जागा ज्या बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाखाली गेली, तिथला सिनेमा मला बघायचा आहे. त्यात विनोदाला जागा नको, संगणकाची करामत नको. उंच, हाडाचा एक नट आणि रात्रीचं खरं अंधारं आगर एवढं भागेल. असं काम जमेल इतके चांगले दिग्दर्शक आज मराठीत आहेत.