‘हो’ म्हणण्याआधीची चौदा वर्षं

31 मार्च 1933, शुक्रवार. बर्लिनच्या ‘कामरगेरिश्ट’ या वरिष्ठ न्यायालयाचं ग्रंथालय. कायद्याची उमेदवारी करणारा पंचवीस वर्षांचा एक तरुण तिथे टेबलाशी बसून काम करतोय. बाहेर बुटांचे आवाज, दारं आपटल्याचे आवाज. तपकिरी गणवेशातले नाझी इमारतीत शिरलेत आणि ज्यू वकील-न्यायाधीशांना बाहेर काढताहेत. ग्रंथालयातले काही जण मुकाट्याने आपलं सामान आवरून निघून जातात. हा तरुण मान खाली घालून कागदांकडे बघत राहतो. एक गणवेशवाला त्याच्यापाशी येऊन थांबतो आणि विचारतो, तू आर्य आहेस का? तरुण विचार करायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. हो.

उत्तर खरं होतं. खोटं बोलला असता तर कदाचित त्याला इतकं लागलं नसतं. समोरचा माणूस निघून गेल्यावर त्याला शरमेने कानकोंडं होतं. आपलं टेबल, आपले कागद आणि आपली शांतता टिकवायला आपण काय मोजलं, हे त्याच्या लक्षात येतं.

हा तरुण म्हणजे राइमुंड प्रेत्सेल. पुढे तो सेबास्टियान हाफनर या नावाने ओळखला गेला. (‘सेबास्टियान’ बाखच्या नावातलं, ‘हाफनर’ मोत्सार्टच्या सिंफनीतलं. घरचे जर्मनीतच राहिले होते, म्हणून टोपणनाव घेणं भाग होतं.) 1938 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि 1939 मध्ये त्याने हे पुस्तक लिहायला घेतलं. युद्ध सुरू झालं, पुस्तक बाजूला पडलं. 1999 मध्ये हाफनर वारला, त्यानंतर त्याच्या कागदपत्रांत हस्तलिखित मिळालं आणि 2000 साली ते छापलं गेलं. इंग्रजी अनुवाद त्याच्या मुलाने केला, ‘डिफाइंग हिटलर’ या नावाने. मूळ जर्मन नाव साधं आहे, एका जर्मन माणसाची गोष्ट. ‘गेशिष्ट’ या जर्मन शब्दाचे दोन अर्थ होतात, गोष्ट आणि इतिहास. पुस्तकही त्या दोन्हींच्या मधलं आहे.

मी हा प्रसंग हिंजवडीच्या बसमध्ये, फोनवर वाचला. वाचताना हाफनरपेक्षा मला स्वतःचीच जास्त आठवण झाली, कारण त्याच आठवड्यात कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, “आपल्या लोकांना लोकशाही झेपत नाही. दहा वर्षं एकाच्या हातात सगळं द्या, मग बघा.” आणि मी म्हणालो होतो, “हो ना.” मला ते पटलं नव्हतं. पण डब्यातली भाजी गार होत होती आणि दोन वाजता कॉल होता.

कंटाळा येईपर्यंतची गोष्ट

हिटलरवरची बहुतेक पुस्तकं हिटलरपासून सुरू होतात. हाफनर स्वतःच्या लहानपणापासून सुरुवात करतो, आणि पुस्तकाची खरी ताकद मला तिथेच वाटते. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आघाडीवरून येणाऱ्या बातम्या तो आणि त्याचे दोस्त सामन्याच्या स्कोअरसारखे वाचायचे. आज किती कैदी पकडले, किती मैल पुढे सरकलो. युद्ध म्हणजे रोज नवी थरारक बातमी, ही सवय त्या पिढीला शाळेत असतानाच लागली. युद्ध हरलं, कैसर पळाला, 1919 मध्ये वायमार प्रजासत्ताकाची घटना आली. पण रोज काहीतरी घडायलाच हवं, ही भूक तशीच राहिली.

मग 1923 साल. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. हा आकडा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. हाफनर त्याऐवजी आपलं घर दाखवतो. वडील बडे सरकारी अधिकारी, जुन्या वळणाचे. पगार हातात पडला की महिन्याचा रेल्वेपास, घराचं भाडं, शाळेची फी एवढं आधी उरकायचं आणि पहाटे उठून घरच्यांनी घाऊक बाजारात जायचं. तासाभरात उरलेला सगळा पगार टिकाऊ खाण्यापिण्याच्या वस्तूंत घालवायचा. मग महिनाभर घरात पैसा नाही. आयुष्यभर काटकसर करणारे म्हातारे भिकेला लागले आणि शेअर बाजाराची नस कळलेली विशीतली पोरं रातोरात श्रीमंत झाली. सचोटीने वागणं हा मूर्खपणा आहे, एवढा धडा या एका वर्षाने दिला.

यानंतर 1924 ते 1929 ही बऱ्यापैकी शांत वर्षं आली. नवं चलन स्थिरावलं, रस्त्यावरची मारामारी कमी झाली. इथे हाफनर एक अनपेक्षित गोष्ट सांगतो. लोक या शांततेला कंटाळले. आपलं घर, आपलं काम, आपली माणसं यांत रमायचं कसं, हेच अनेकांना माहीत नव्हतं. आयुष्याला अर्थ बाहेरून, सार्वजनिक गदारोळातून मिळायची त्यांना सवय झाली होती. हे वाचताना मी दर दहा मिनिटांनी बातम्यांचं ॲप उघडत होतो, हे कबूल करतो.

तात्पुरती दुरुस्ती

हाफनर मनाबद्दल सांगतो, यंत्रणेबद्दल कमी. ती बाजू मी माझ्या परीने जोडतो.

आमच्या धंद्यात ‘हॉटफिक्स’ नावाचा प्रकार असतो. रात्री दोनला सिस्टिम पडते. नीट दुरुस्तीला वेळ नसतो, म्हणून नेहमीची तपासणी वगळून थेट प्रॉडक्शनमध्ये ठिगळ लावतात. शेजारी शेरा लिहितात, ‘तात्पुरतं, नंतर काढणे’. चार वर्षांनी तो शेरा तिथेच असतो, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि बाकीची अर्धी सिस्टिम त्या ठिगळावर उभी असते.

वायमार घटनेचं कलम 48 हे असं ठिगळ होतं. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने वटहुकूम काढावेत, गरज पडल्यास मूलभूत हक्कही स्थगित करावेत, अशी सोय. त्यावर संसदेचा अंकुश होता. बहुमताने ठराव झाला की वटहुकूम रद्द. पण कलम 25 नुसार राष्ट्राध्यक्षाला संसदच बरखास्त करता येत होती. दोन्ही कलमं वेगवेगळी वाचली तर बिनधोक वाटतात. एकत्र वापरली की अंकुश गायब. पहिले राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी कलम 48 अनेकदा वापरलं, तेही बंडं मोडून प्रजासत्ताक वाचवण्यासाठी. सवय मात्र लागली.

मार्च 1930 मध्ये बहुमत असलेलं शेवटचं सरकार पडलं. वाद होता बेरोजगार विम्याची वर्गणी वाढवण्याचा. एवढ्याशा टक्केवारीवर तडजोड जमली नाही. नवे चॅन्सेलर ब्र्युनिंग यांच्याकडे बहुमत नव्हतं. जुलैत संसदेने त्यांचा वटहुकूम फेटाळला, तर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसद बरखास्त केली आणि तोच वटहुकूम पुन्हा काढला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी पक्ष 12 जागांवरून 107 वर गेला. 1931 मध्ये संसदेने 34 कायदे केले आणि वटहुकूम निघाले 44. 1932 मध्ये संसदेचे कायदे पाच, वटहुकूम साठच्या आसपास.

लोकांनी यातून काय शिकायचं होतं? संसद म्हणजे भांडण आणि काम होतं ते एका सहीने. हिटलर यायच्या आधीच, लोकशाहीवाल्यांच्याच हातून, लोकांना संसदेशिवाय राहायची सवय झाली होती. हाफनर ब्र्युनिंगबद्दल हेच म्हणतो. खरी हुकूमशाही टाळायला त्यांनी अर्धी हुकूमशाही आणली आणि जी गोष्ट वाचवायची होती तिच्यावरचा लोकांचा विश्वासच घालवला.

हाफनर कुठे कमी पडतो

इथे मात्र माझं आणि हाफनरचं जमत नाही. तो पुन्हा पुन्हा ‘जर्मन माणूस’ असा शब्द वापरतो. जर्मन माणसाला खाजगी आयुष्य जगता येत नाही, जर्मन माणूस ऐन वेळी कोसळतो. स्वतःच्या लोकांवर चिडलेल्या निर्वासिताचा हा राग समजण्यासारखा आहे. पण स्पष्टीकरण म्हणून ते अपुरं आहे. 1932 च्या सुरुवातीला साठ लाख लोक बेकार होते. ते या पुस्तकात जवळपास दिसतच नाहीत. लेखकाच्या मित्रमंडळींत टेनिस आहे, नाचाच्या पार्ट्या आहेत. कंटाळा हे त्या वर्गाचं दुखणं होतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं दुखणं कंटाळा नव्हतं.

दुसरं म्हणजे, सगळा दोष लोकांच्या मनावर टाकला की मूठभर माणसं सुटतात. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत नाझी 230 जागांवरून 196 वर घसरले होते. मतं तेहतीस टक्क्यांवर आली होती. म्हणजे लाट ओसरत होती. तरीही 30 जानेवारी 1933 ला हिटलर चॅन्सेलर झाला. कारण माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि हिंडेनबुर्ग यांच्या भोवतालच्या लोकांना वाटलं, याला पुढे करू, दोरी आपल्या हातात ठेवू. मंत्रिमंडळात हिटलर धरून तिघेच नाझी होते. 28 फेब्रुवारीला, संसदेची इमारत जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मूलभूत हक्क स्थगित झाले. कलम तेच, 48. 23 मार्चला संसदेने 444 विरुद्ध 94 मतांनी आपले अधिकार सरकारला देऊन टाकले. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट उभे राहिले आणि त्यांचे नेते ओटो वेल्स सभागृहात गणवेशवाल्यांच्या गराड्यात बोलले. ग्रंथालयातला प्रसंग त्यानंतर आठ दिवसांनी घडला.

अस्थिरतेतून हुकूमशहा आपोआप उगवत नाही. अस्थिरतेमुळे लोक दमतात. दमलेले लोक दार लावायला उठत नाहीत. पण दार उघडणारे हात वेगळे असतात आणि त्यांची नावं घेता येतात. हाफनरने दमणं अचूक टिपलंय. नावं आपल्याला शेजारी ठेवून वाचावी लागतात.

आपल्या घरातलं ठिगळ

वायमारचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. 1949 मध्ये आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी वायमार घटनेच्या याच कलमाची आठवण करून दिली होती. तरतुदी मंजूर झाल्या. 1975 ची आणीबाणी ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाने लागू झाली. हे दोन शब्द पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आलं. म्हणजे ठिगळ काढता येतं, उशिरा का होईना.

माझे आजोबा मात्र अजून सांगतात, “आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या.” मी हे इतक्यांदा ऐकलंय की ते मला आजोबांचं वाक्य वाटतच नाही, घरातल्या फर्निचरसारखं झालंय. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना अटक झाली, हे मला आजोबांकडून कधीच कळलं नाही. ते वाईट नाहीत. त्यांना ऑफिसला वेळेवर पोचायचं होतं.

हाफनरचं पुस्तक 1933 च्या शरद ऋतूत, उमेदवार वकिलांच्या सक्तीच्या शिबिरात थांबतं. तिथे गणवेश घालून, कवायत करून, एकत्र गाणी म्हणताना त्याला चक्क बरं वाटू लागतं. सोबत असली की स्वतः विचार करावा लागत नाही. हेही तो लपवत नाही. पुस्तक छापल्यावर काहींना शंका आली, 1939 मध्ये एखाद्याला इतकं नीट कसं कळलं असेल? नंतर भर घातली असणार. हस्तलिखिताची तपासणी झाली, ते त्याच काळातलं निघालं. मला त्याच्या दूरदृष्टीचं तितकं नवल वाटत नाही. ग्रंथालयात कुणी साक्षीदार नव्हता, कुणी जाब विचारणार नव्हतं, तरी त्याने तो ‘हो’ लिहून ठेवला, याचं जास्त वाटतं.

मागच्या महिन्यात कँटीनमध्ये तो विषय पुन्हा निघाला. मी म्हणालो, “दहा वर्षांनी त्याने परत दिलं नाही तर?” टेबलावर जरा शांतता झाली. मग तो हसला, “अरे, तू सीरियस झालास.” दोन वाजता कॉल होता. सगळे उठले. मी डबा धुवायला गेलो.