धार, हेतू आणि संग्रह : शस्त्र अधिनियमातील एका व्याख्येची चिकित्सा

कायद्याची संहिता हा भाषाभ्यासकाचा विषय नव्हे, असा समज आपल्या विभागांतून बराच रूढ आहे. वस्तुतः एखाद्या शब्दाची व्याप्ती कोठे संपते हा प्रश्न कोशकारास जितका जाचतो तितकाच विधिकारासही जाचतो. भेद एवढाच की, कोशकार चुकला तर कोणास शिक्षा होत नाही. प्रस्तुत टिपणात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येचे वाचन सुऱ्या, कट्यारी, बिचवे जमविण्याचा छंद असलेल्या माणसाच्या दृष्टीने करावयाचे आहे. हा माणूस पुसेगावचा आहे असे समजू. येथे सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव अभिप्रेत नसून हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव अभिप्रेत आहे. ही निवड सहेतुक आहे. हिंगोलीस १९ व्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, शेजारी नांदेडचे हुजूर साहिब आहे, आणि भोवतालचा मुलूख शेतीचा आहे. छावणीचे पाते, धर्माचे पाते आणि शेताचे पाते अशी तिन्ही पाती या टापूत एकत्र आली आहेत.

१८७८ च्या अधिनियमाने शस्त्राची व्याख्या केली नव्हती, यादी केली होती : बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण, तोफा. यादीचा गुण असा की, ती वाचून वस्तू ओळखता येते. १९५९ च्या अधिनियमाने मात्र यादीस हेतूची जोड दिली. हल्ल्यासाठी वा बचावासाठी शस्त्र म्हणून घडविलेली अथवा तशी रूपांतरित केलेली कोणतीही वस्तू, मग ती धारदार असो वा अन्य प्राणघातक, ते शस्त्र होय. लाठी किंवा साधी हातातली काठी यांसारख्या केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू मात्र शस्त्र नव्हेत. सारा भार ‘केवळ’ या एका शब्दावर आहे, आणि तो त्यास पेलत नाही असे माझे मत आहे. लोहार विळा घडवितो तेव्हा हेतू कोणाचा धरावयाचा? त्याचा, घेणाऱ्याचा, की पुढे तीस वर्षांनी तो भिंतीवर टांगणाऱ्याचा?

या बाबतीत ‘कोयता’ हा शब्द पाहण्याजोगा आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी; त्यावर उचल ठरते. अवजाराचे नाव श्रमाचे माप व्हावे इतके ते अवजार कामाशी एकजीव झालेले आहे. तोच शब्द २०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ या रूपाने दहशतीचा वाचक झाला. पाते तेच, घडणही तीच. कायद्याची व्याख्या घडणीकडे पाहते, समाज मात्र हाताकडे पाहतो.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचवा वर्ग हेतूस मापाची जोड देतो. त्यात तलवारी (गुप्तीसह), खंजीर, संगिनी, भाले, परशू, सुऱ्या (कृपाण व खुकरी धरून) आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तत्सम शस्त्रे येतात. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठी घडविलेली वगळली आहेत. १९६२ च्या नियमांतील हा शब्दक्रम २०१६ च्या नियमांतही कायम राहिला. येथे व्याकरणाचा प्रश्न उद्भवतो. ९ इंचांचे विशेषण कोणास लागू? केवळ ‘तत्सम शस्त्रांस’, की त्याआधीच्या सुऱ्यांसही, की आरंभापासून साऱ्या मालिकेस? वाक्यरचनेतून तिन्ही अर्थ निघू शकतात. मुठीत मावणारा बिचवा खंजीर म्हणून आत यावा, की माप भरत नाही म्हणून बाहेर राहावा, हे एका स्वल्पविरामावर ठरावे ही गोष्ट संहितेस भूषणावह नाही. गुप्तीचे उदाहरण त्याहून गमतीचे आहे. साधी काठी व्याख्येनेच वगळली आहे, आणि त्याच काठीच्या पोटातले पाते अनुसूचीत नावानिशी आले आहे.

छंदिष्टांत सहसा न जाणलेली एक गोष्ट अशी की, अग्न्यस्त्रांखेरीज इतर शस्त्रे बाळगण्यास सर्वत्र परवाना लागतोच असे नाही. कलम ४ प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या प्रदेशापुरती राजपत्रात अधिसूचना काढते, आणि तिच्यात सांगितलेल्या वर्गापुरतेच हे बंधन त्या प्रदेशात असते. विक्रीसाठी घडविणे वा विकणे (कलम ५) आणि परदेशातून आणणे (कलम १०) यांस वेगळा परवाना आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शांततेसाठी ठरावीक मुदतीचे मनाई-हुकूम निघतात. ते बाहेर शस्त्र घेऊन फिरण्याविषयीचे असतात. घरी ठेवणे, जवळ घेऊन फिरणे, विकणे आणि आयात करणे या चार क्रिया कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. लोकव्यवहारात मात्र त्या सर्वांस मिळून ‘हत्यार सापडले’ एवढे एकच वाक्य पुरते.

मराठीची परंपरा या भेदांविषयी उदासीन नव्हती. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग आणि भोग्यवर्ग निराळे आहेत. सुरीच्या मागे ‘क्षुरिका’ उभी आहे, खंजीर व जंबिया अरबी-फारसीच्या वाटेने आले, बिचव्यास विंचवाच्या नांगीचा आकार आहे. परंतु खंडेनवमीस घरातील तलवार, विळा, कोयता आणि सुताराचा वाकस एकाच पाटावर येतात. कोश जे वेगळे करतो ते पूजा एकत्र करते. हिंगोलीचा दसरा प्रसिद्ध आहे. त्या मुलखातील संग्राहकास ‘केवळ शेतीच्या उपयोगासाठी’ हे शब्द परके वाटले तर नवल नाही.

आता संग्राहकाचे स्थान पाहू. कृपाणास संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणाने धर्माचे संरक्षण दिले आहे, आणि नांदेडच्या तख्तावर गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे श्रद्धेने जतन केली आहेत. विळ्यास शेतीचे संरक्षण आहे, संग्रहालयातील कट्यारीस संस्थेचे. खाजगी संग्राहक या तिन्ही छत्रांबाहेर उभा आहे. दिनकर केळकर (कवी ‘अज्ञातवासी’) यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास प्रारंभ केला आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या हवाली केला. त्यांच्या अडकित्त्यांना धार आहे, पण ती सुपारीपुरती. म्हणून त्यांच्याविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. अडकित्त्याऐवजी एखाद्याने बिचवे जमविले असते तर?

या भीतीचा खरा तोटा अभ्यासास होतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यास आली तेव्हा वाद पात्यांच्या घडणीविषयी नव्हता, ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याविषयी होता. ग्रँट डफकडे ती आल्याचे सांगणारा पेटीवरील लेख हाच मुख्य दुवा, आणि शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, असे सिद्ध करता येत नाही हे संग्रहालयही मान्य करते. जुन्या पात्याचे निम्मे मोल अशा नोंदीत असते. पुसेगावच्या आपल्या संग्राहकास मात्र नोंदवही ठेवणे म्हणजे कबुलीजबाब लिहून ठेवण्यासारखे वाटते. कोणत्या घरातून घेतले, तेथे त्यास काय म्हणत, पाणी कोणत्या लोहाराने दिले हे तो लिहीत नाही. वस्तू उरते, शब्द जातो.

यावर उपाय म्हणून कलम ४५ कडे बोट दाखविले जाते. कालबाह्य घडणीची वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली शस्त्रे तेथे वगळली आहेत हे खरे. पण पुढची अट वाचली की निराशा होते : दुरुस्त करून वा न करता ‘अग्न्यस्त्र म्हणून’ वापरता येऊ नये. विधिकाराच्या डोळ्यांपुढे जुनी तोड्याची बंदूक होती, पेशवाईतील कट्यार नव्हती. शब्दशः वाचल्यास प्रत्येक कट्यार ही अट सहज पूर्ण करते, कारण कट्यारीतून गोळी सुटत नाही. हा अर्थ कायद्यास मान्य होईल काय? १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूस पुरावशेष मानून तिची निर्यात खाजगी व्यक्तीस बंद केली. म्हणजे तेच पाते एका अधिनियमाच्या दृष्टीने देशाबाहेर जाऊ नये असा ठेवा आहे, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने, अधिसूचना असेल तेथे, परवान्यावाचून घरी ठेवू नये अशी वस्तू आहे. दोन्ही अधिनियमांत परस्परांचा उल्लेख करणारे एखादे पोटकलम घालणे विधिमंडळास अवघड नव्हते.