प्रेक्षक मिळाला, पण मालक कोण?

परभणीत बसून वेबसिरीज करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: बघणार कोण? या प्रश्नाचं उत्तर आता मिळून गेलंय, असं आमचं मत आहे. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'भाडिपा'नं 'आई आणि मी'मधून दाखवलं की वाहिनीच्या दारात न जाताही मराठी प्रेक्षक गोळा होतो. पण ते घर शहरातलं होतं. गावासाठी वाट मोकळी केली ती साताऱ्याकडच्या 'कोरी पाटी'नं.

नितीन पवार यांच्या 'गावाकडच्या गोष्टी' बघा. पोरं त्यांच्याच बोलीत बोलतात आणि बोलण्याला घाई नसते. टीव्हीवर खेड्यातला माणूस आला की त्याच्या तोंडी दोन ठसकेबाज शब्द घालून हशा वसूल करतात. इथं बोली ही नुसती भाषा आहे, गंमत नव्हे. आपल्याकडचं 'कामून रे, काय करायलास?' पडद्यावर आलं की अजूनही लोक हसतात. का हसतात, ते त्यांनाही सांगता येत नाही. पुण्याकडच्या कारखान्यात कामाला गेलेला आपला पोरगा मात्र ते ऐकून हसणार नाही, तो पुढचा भाग लावील. प्रेक्षक तो आहे.

दुसरं उदाहरण बारामतीकडच्या 'चांडाळ चौकडीच्या करामती'चं. बाळासाहेब, रामभाऊ ही माणसं आपल्याच पारावरची वाटतात, इतकी बेरकी आणि इतकी सहज. तरी आमची एक तक्रार आहे. बहुतेक भागांत शेवट आला की कुणीतरी शहाणपण सांगतो, चुकलेला वळणावर येतो. प्रबोधनाची ही सवय कीर्तनातून, वगनाट्यातून आलेली, तिला नावं ठेवायची नाहीत. पण वीस मिनिटं प्रेक्षकाला हुशार समजायचं आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्याला बाकावर बसवायचं, हे बरं नव्हे.

आता पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 2018पासून एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं, अशी अट आली. ती पूर्ण झाली तर लांबीच्या व्हिडिओवर जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के आपले. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम दर आठवड्याला कॅमेरा, जेवणं, गाडीभाडं भागवीलच, असं नाही. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' काढला. शेत विकून एक सिनेमा होतो, दर आठवड्याचा भाग होत नाही.

मग प्रायोजक येतो. परभणीत तो कोण असणार? बरं का, बहुधा बियाणं-खताचं दुकान. आणि इथंच 'स्वतंत्र' या शब्दाची कसोटी लागते. 2020च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणीचा पैसा कुठून आणायचा, यावरून घराघरांत भांडणं व्हावीत असा तो प्रसंग. यापेक्षा मोठा विषय आपल्या जिल्ह्यातल्या मालिकेला कुठला मिळणार? पण पडद्याच्या कोपऱ्यात बियाणं विक्रेत्याची पाटी असेल, तर तो भाग कोण लिहील? लिहिला तरी बियाणं बाजूला पडतं आणि आळशी शेतकरीच चुकीचा ठरतो. वाहिनीवाल्याचा हात सोडला आणि दुकानदाराचा धरला, तर आपण नेमके कशापासून स्वतंत्र झालो?

आम्हाला एक जुनीच रीत सुचते. जत्रेत तमाशाचा फड येतो, त्याची सुपारी एकटा सावकार देत नाही. गाव वर्गणी काढतं. कुणी पन्नास, कुणी पाचशे. वगात पाटलाची टर उडवली तरी पाटील उठून फडाचा पैसा बंद करू शकत नाही, कारण त्यात त्याचा हिस्सा थोडाच. आज मोबाइलवरून अशी वर्गणी गोळा करणं जत्रेपेक्षा सोपं आहे, आणि बाहेरगावी गेलेली आपली माणसंही तीत येतात. वर्गणीदारांची नावं भागाच्या शेवटी चालवा. त्यात बियाणाच्या दुकानदाराचं नाव असलं तरी चालेल, शंभर नावांतलं एक म्हणून.